मधल्या भिंतीतला ठोका

पाववाला पोदेर मघाशीच सायकलवरून पोंपों करत उंडे देऊन गेला होता. त्यामुळे रविवारी सकाळी दाराची कडी पुन्हा वाजली तेव्हा क्षमाला नवल वाटलं. दार उघडलं, तर समोर पन्नाशीचा एक उंच माणूस – पोट किंचित पुढे, हातात मिटलेली छत्री, छत्रीतून टपटपणारं पाणी... आणि चेहऱ्यावर असा संकोच, जणू कडी त्यानं नव्हे, दुसऱ्याच कुणी वाजवली होती.

त्यानं आपलं नाव सांगितलं – अविनाश नांदवडेकर. चंदगडकडचा. औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगचं खातं सांभाळायचा. भिंतीपलीकडचं घर त्यानं वास्कोला राहणाऱ्या घरमालकाकडून, सगुणकडून, भाड्यानं घेतलं होतं. येऊन दोन महिने होत आले, पण कधी सकाळपाळी, कधी रात्रपाळी, त्यामुळे शेजाऱ्यांची ओळख राहूनच गेली, असं तो म्हणाला.

"राग मानू नका," तो छत्रीशी चाळा करत म्हणाला, "पण तुमचा तो लोखंडी गोळा... पहाटे जरा हळू ठेवला तर बरं होईल. मी भिंतीकडं डोकं करून झोपतो. धप्प झालं की वाटतं, कुणीतरी उशाशी येऊन बसलं."

गोळ्याचं याला कसं कळलं, असं क्षमाच्या मनात आलं. तेही त्यानंच सांगितलं. कुरियरवाल्यानं गोळ्याचं चित्र असलेलं खोकं चुकून त्याच्या दारात टाकलं होतं आणि ते तिच्या बाहेरच्या सोप्यावर आणून ठेवताना त्याची कंबर चांगलीच धरली होती.

"मी व्यायाम संध्याकाळी करते," क्षमा म्हणाली. "शाळेतून आल्यावर. पहाटे मी झोपलेली असते."

तो हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला.

"आणि खरं म्हणजे मीच तुमच्याकडे येणार होते. मला वाटत होतं, तुम्ही पहाटे उठून चटणी कुटता."

"माझ्याकडं खलबत्ताच नाही," अविनाश म्हणाला.

दोघांनी एकदमच मधल्या भिंतीकडे पाहिलं. तांबड्या चिऱ्यांची जुनी भिंत, वरचा चुना ओलीनं फुगलेला. ती अगदी गप्प होती... ऐकत असल्यासारखी.

क्षमा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. डिचोलीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायची. लग्न राहून गेलं होतं. आधी वडिलांचं दुखणं, मग आईचं, मग 'आता कुठे' म्हणता म्हणता. तिच्या गावाचं नाव पाळी, आणि त्यावरून कॉलेजातल्या मैत्रिणींनी तिला पुरेपूर छळलं होतं. गेल्या वर्षी तिची स्वतःची पाळी थांबली तेव्हा ती थट्टा तिनं आपणच करून टाकली – गाव आहे तिथंच आहे, बाकीची तेवढी गेली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. हाडं विरळ होऊ लागलीयत, नुसतं चालून भागायचं नाही, वजन उचला, असं त्यांनी बजावलं.

बेंगळुरूच्या भाचीनं, गौरवीनं, हे ऐकलं आणि दुसऱ्या आठवड्यात केटलबेल घरी आली. तोफेच्या गोळ्याला कुणी कडी बसवावी तशी ती वस्तू. समोरच्या घरातल्या कमलाक्षीकाकीनं ती बघून विचारलं होतं, की तराजूचं वजन एवढं मोठं कुठल्या दुकानात लागतं. क्षमा मोबाइलवर बघून शिकू लागली. पाय रुंद ठेवायचे, कंबर मागे ढकलायची, दोन्ही हातांनी गोळा पायांमधून मागे न्यायचा आणि नितंबांच्या जोरावर छातीपर्यंत झुलवायचा. पहिल्याच दिवशी मेजावरची फुलदाणी फुटली. महिन्याभरात मात्र शाळेचा जिना चढताना कठड्याला हात लावायची गरज उरली नाही. इतकी वर्षं तिचं शरीर आजारी माणसांना उठवण्या-बसवण्यासाठीच होतं. आता ते तिचं तिला सापडत होतं. संध्याकाळी घामानं भिजलेली ती आरशासमोर उभी राहिली की खांद्याच्या गोलाईवर तिची नजर जरा रेंगाळायची आणि मग तिलाच लाज वाटायची.

तो आवाज तिनं आषाढातच ऐकला होता. गोळा खाली ठेवला, धप्प झालं, की भिंतीतून एक धप्प यायचा. प्रतिध्वनी असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण प्रतिध्वनी लगेच येतो हे ती मुलांना शिकवत आली होती. हा लगेच येत नसे. मधे थोडा वेळ जाई... कुणीतरी ऐकून, विचार करून उत्तर द्यावं तेवढा.

त्या संध्याकाळी त्यांनी ठरवून परीक्षा घेतली. क्षमानं तिच्याकडे व्यायाम केला, अविनाश त्याच्याकडे भिंतीला कान लावून बसला. नंतर तो सोप्यावर आला आणि म्हणाला, तुम्ही दोनदा ठेवलात. क्षमानं एकदाच ठेवला होता. मग त्यानं आपल्या घराला कुलूप घातलं आणि तिच्या खोलीत येऊन उभा राहिला. बाहेर पावसाची भुरभुर होती, पागोळ्यांखाली बेडूक ओरडत होते. क्षमानं गोळा झुलवला, श्वास सोडला आणि तो फरशीवर ठेवला.

काहीच नाही. बेडूकही थांबले.

आणि मग अविनाशच्या बंद घरातून, भिंतीच्या पलीकडून... धप्प.

अविनाश नकळत एक पाऊल पुढे सरकला, तिच्या आणि भिंतीच्या मधे. तो घाबरला होता, हे त्याच्या मानेवर दिसत होतं. तरी सरकला. तेवढ्या भीतीतही क्षमानं ते मनात टिपून ठेवलं.

बॅटरी घेऊन दोघं पलीकडे गेली. कुलूप जसंच्या तसं. आत त्याची खाट, दोरीवर वाळत घातलेला सदरा, स्टोव्ह. माणूस नाही, मांजर नाही. भिंतीच्या बुडाशी ओल होती आणि त्या ओलीला मोकळ्या, गार पाण्याचा वास होता. पण क्षमाची बॅटरी वर थांबली. बसलेल्या माणसाच्या कपाळाइतक्या उंचीवर चुन्यात एक गुळगुळीत, काळसर डाग होता. अगदी तसाच डाग तिच्या बाजूलाही होता, त्याच जागी. तो तिला लहानपणापासून माहीत होता. तिचे थोरले काका, शिवदासकाका, तिथं डोकं टेकून बसायचे. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, भिंतीला कितीदा चुना दिला, पण त्या डागावर चुना कधी बसलाच नाही.

इकडच्या डागावर कोण डोकं टेकत होतं, हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अविनाश पुन्हा आला. एकट्यानं पलीकडे बसवत नाही, असं त्यानं सरळ कबूल केलं. आणि एवीतेवी बसायचंच तर मलाही शिकवा, म्हणाला. साखर वाढलीय, पोट तर दिसतंच आहे. क्षमानं त्याच्या हातात गोळा दिला.

"कमरेतून वाका. गुडघ्यातून नव्हे. मागे एक खुर्ची आहे आणि ती ढकलायचीय असं समजा."

"मागं खुर्ची नाही, मेज आहे. फुलदाणी पडेल."

"ती मी कधीच फोडली. वाका तुम्ही."

"शाळेत पण असंच ओरडता होय?"

"शाळेत मुलं ऐकतात."

तो हसला आणि त्याचा तोल गेला. क्षमानं त्याच्या पाठीवर तळवा टेकून त्याला सावरलं, आणि तो तळवा काढून घ्यायला तिला जरा उशीर झाला. दोघांनाही तो उशीर कळला.

मग तो रोजच येऊ लागला. पाळी असेल त्याप्रमाणे कधी कामावर जाण्याआधी, कधी आल्यावर. त्याची बायको पाच वर्षांपूर्वी गेली होती. मुलगी वर्षा पुण्यात, लग्न होऊन सुखात. बायकोबद्दल तो हळू आवाजात, पण न अडखळता बोलायचा. ते क्षमाला आवडलं. तो चंदगडहून आणलेली रताळी भाजून घेऊन यायचा. ती त्याला उंड्याबरोबर अळसांद्यांची, टपोऱ्या चवळीची, भाजी वाढायची. एकदा ती गोळा खांद्यावरून डोक्यावर नेत असताना तो भिंतीला टेकून बघत होता.

"काय बघता?"

"काही नाही," तो म्हणाला. "तुम्ही तो वर नेता ना... तेव्हा तुमच्यासमोर गावचा राखणदार देवचार जरी आला, तरी बाजूला होऊन वाट देईल, असं वाटतं."

क्षमा एवढी लाजली की गोळा तिनं नेहमीपेक्षा जोरात ठेवला. भिंतीतून उत्तर आलं. आता ते येणारच हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी दर वेळी त्यांच्या अंगावर काटा यायचा, आणि काटा आला की दोघं थोडी जवळ बसायची.

चवथीच्या आधी क्षमानं शेवटी कमलाक्षीकाकीला विचारलं. काकीला ऐंशी कधीच उलटली होती. डोळ्यांत फूल पडलं होतं, पण बोलणं खणखणीत. ती गणपतीवर टांगायच्या मातोळीसाठी रानातल्या फळांच्या जुड्या बांधत बसली होती. आवाजाचं ऐकून तिचे हात थांबले.

तिनं सांगितलं ते असं. दोन भावांच्या वाटणीत घर मधून कापलं गेलं तेव्हा मधे विहीर आली. तिच्यावर कमान करून भिंत उभी केली; अर्धी विहीर इकडे, अर्धी तिकडे, पाणी एकच. पलीकडच्या घरात सरस्वती होती, विशीतच विधवा झालेली. इकडे शिवदास. भिंतीमुळे एकमेकांची तोंडं दिसत नसत, पण पहाटे पाणी काढायला वाकलं की कमानीखालच्या पाण्यात पलीकडचा चेहरा दिसायचा. कितीतरी दिवस ती दोघं पाण्यातच एकमेकांना बघत होती. घरच्यांना कळलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी शिळा घालून विहीर बंद केली, वर जमीन सारवून टाकली. मग सरस्वती पहाटे भिंतीपाशी बसून भात कांडायला लागली. मुसळाचा एक घाव, आणि इकडून शिवदास भिंतीवर मूठ मारायचा. तेवढंच बोलणं. एका पावसाळ्यात ती तापानं गेली. शिवदासनं लग्न केलं नाही.

"आणि तिचा मुसळ गावलाच नाय," काकी म्हणाली. "आमी सगळा घर सोधला. कांडता ती अजून, बाये. कांडू दे तिका. ती कोणाचा वायट करूची नाय."

क्षमानं हे अविनाशला सांगितलं. मग त्यानं विचारलं, की तिला हे खरं वाटतं का. क्षमा भूगोलाची बाई; तिनं आधी भूगोल सांगितला. घरामागची खाण चालू होती तेव्हा खड्ड्यातलं पाणी सतत उपसायचे, त्यामुळे वाड्यावरच्या विहिरी आटल्या होत्या. खाण बंद पडली, उपसा थांबला, आणि इतक्या वर्षांनी पाणी वर येऊ लागलंय. रात्री सुपारीच्या कुळागरांचे पंप बंद असतात, तेव्हा ते पहाटेपर्यंत आणखी चढत असेल. खाली काहीतरी तरंगत असेल आणि शिळेला आपटत असेल. फरशीला हादरा बसला की पाणी हलत असेल.

"म्हणजे भूत नाही," अविनाश म्हणाला.

"मी तसं म्हटलं नाही," क्षमा म्हणाली.

चवथ झाली. गणपती पोचवून आल्यावर दोन-तीन दिवस अविनाश आला नाही. आला तेव्हा गोळ्याला त्यानं हात लावला नाही. दारातच उभा राहून त्यानं सांगितलं, की कारखाना त्याला हिमाचलच्या शाखेत पाठवतोय, दसऱ्यानंतर. हे सांगताना तो तिच्याकडे नाही, छत्रीच्या टोकाकडे बघत होता. क्षमाला खूप काही बोलायचं होतं. ती म्हणाली, चांगलं आहे, तिकडे थंडी असते, भूक चांगली लागते. तो 'हो' म्हणाला. आणखी थोडा वेळ उभा राहिला... आणि गेला. पलीकडच्या दाराचा आवाज तिनं ऐकला.

मग तिनं एकटीनं व्यायाम केला, हात थरथरेपर्यंत. गोळा खाली ठेवला. उत्तर आलं, आज अगदी हलकं. क्षमा भिंतीपाशी जाऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं शिवदासकाकांच्या त्या डागावर कपाळ टेकलं. चिरा गार असायला हवा होता. तो कोमट होता. पलीकडे कुणीतरी डोकं टेकून बसलंय, हे तिला स्पष्ट कळत होतं. श्वास ऐकू येत होता, सावकाश, जड.

"जाऊ नका," ती कुजबुजली. "मला तुम्ही हवे आहात. तोंडावर सांगता आलं नाही मला."

पलीकडचा श्वास क्षणभर थांबला. मग भिंतीत हळूच एक ठोका पडला – समजल्यासारखा.

क्षमानं डोळे पुसले आणि मान वर केली. जनेलातून रस्ता दिसत होता. रस्त्याच्या कडेला, मासेवालीच्या गाडीपाशी, छत्री धरून अविनाश उभा होता. बराच वेळ तिथंच असावा. त्याच्या हातात बांगड्यांची पिशवी होती, आणि मासेवाली त्याला काहीतरी समजावत होती.

क्षमा भिंतीपासून दूर झाली, पण पळाली नाही. पलीकडे जे कोणी होतं, त्यानं तिचं ऐकून घेतलं होतं. इतक्या वर्षांत तिचं असं कुणी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर पावसानं पुन्हा जोर धरला. भाद्रपद संपत आला तरी आभाळ उघडेना. खाणीचा खड्डा काठोकाठ भरला आणि रस्त्यावरून गेरूच्या रंगाचे लोट वाहू लागले. अशाच एका सकाळी, नुकतं उजाडत असताना, क्षमाला जाग आली ती आवाजानं. धप्प, धप्प, धप्प... मधे खंड नाही, उत्तराची वाट बघणं नाही. कुणीतरी दोन्ही हातांनी दार बडवावं तसं. फरशीवर पाय ठेवला तर ती खालून थरथरत होती, आणि भिंतीच्या बुडाशी बोटभर भेग पडली होती.

ती तशीच पावसात धावली आणि अविनाशचं दार ठोठावू लागली. रात्री उशिरा कामावरून आलेला तो डोळे चोळत दारात आला. क्षमानं त्याला मनगटाला धरून बाहेर ओढलं. भिंत बसतेय, आत जाऊ नका, एवढंच तिला बोलता आलं. त्याला कळलं. पण खाटेजवळच्या कोनाड्यात त्याच्या बायकोची तसबीर होती, आणि तो एका क्षणात आत गेला.

तसबीर त्यानं काढली, तिच्याकडे फेकलीही. मग त्याच्या पायांखालची जमीन मोडली.

मोठा आवाज झाला नाही. नुसती जमीन एका बाजूला कलली आणि तो काळ्या पाण्यात छातीपर्यंत गेला. शिळेची एक कड त्याच्या बगलेत अडकली म्हणून तो तिथं लटकला. वर भिंतीतून चिरे करकरत होते. क्षमा उंबऱ्यापलीकडच्या घट्ट जमिनीवर पाय रुंद करून उभी राहिली, वाकली आणि तिनं त्याची दोन्ही मनगटं पकडली. पाठ सरळ, कंबर मागे... विचार करायला वेळच नव्हता, शरीरानंच ते केलं. पहिल्या ओढीत तो हलला नाही. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा जोर लावला, टाचांपासून, मांड्यांपासून, पोटातून. आणि नंतर अविनाशनं शपथेवर सांगितलं, की त्याच वेळी खालून कुणीतरी त्याच्या तळपायाला आधार देऊन त्याला वर लोटलं.

तो उंबऱ्यावर येऊन पडला. दोघं सरपटत अंगणात आली, आणि मागे मधली भिंत कौलांसकट हळूहळू आत बसली. धूळ उडाली नाही. पावसानं ती उडूच दिली नाही. अविनाशचा हात सोलवटून निघाला होता. क्षमानं त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं आणि ती तसबीर छातीशी धरली होती, आणि समोरच्या घरातून कमलाक्षीकाकी काठी टेकत येत होती तरी तिनं त्याला बाजूला केलं नाही.

सगुण वास्कोहून आला, पंचायतीची माणसं आली. दोन्ही घरांचे पुढचे भाग शाबूत होते. माती आणि चिरे उचलल्यावर मधे विहीर दिसली. गोल, जुन्या बांधणीची, काठापर्यंत स्वच्छ पाण्यानं भरलेली. पाण्यात एक मुसळ तरंगत होतं, उभं. बुडाला लोखंडी कडं असल्यामुळे उभं. वरचं टोक आपटून आपटून बोथट झालं होतं. बघ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. क्षमानं सगुणला पाण्याची पातळी, पंप, हादरे सगळं समजावून सांगितलं. एक गोष्ट मात्र ती कुणाला समजावू शकली नाही. विहीर बंद झाली, त्यानंतर सरस्वती कितीतरी वर्षं कांडत होती. मग तिचं मुसळ शिळेखाली गेलं कसं? मुसळ बाहेर काढायला कुणी तयार होईना. काकी म्हणाली, नको काढू. तेव्हा ते तसंच राहिलं, आणि पुढच्या सकाळी बघितलं तर पाण्यात ते नव्हतं.

अविनाश जवळच्या साखळी गावात एका सहकाऱ्याकडे राहायला गेला होता. दसऱ्याच्या आदल्या रविवारी तो उरलेलं सामान न्यायला आला. हाताला अजून पट्टी होती. पाऊस गेला होता. कोवळं, पिवळं ऊन विहिरीवर पडलं होतं. तो त्याच्या बाजूला उभा राहिला, ती तिच्या बाजूला. दोघांच्या मधे पाणी. क्षमानं वाकून पाहिलं तर पाण्यात त्याचा चेहरा होता, आणि तो तिच्याकडेच बघत होता.

"मी हिमाचलला नाही म्हणून सांगितलं," पाण्यातला चेहरा म्हणाला. "साहेबांनी कारण विचारलं. सांगता आलं नाही."

"काय कारण होतं?"

"ते आधी तुम्हाला सांगायचं होतं." त्यानं मान वर केली आणि आता खरोखरीच तिच्याकडे पाहिलं. "मला तुमच्याजवळ राहायचंय. पलीकडं नाही... मधे भिंत नको."

क्षमाला हसू आलं आणि डोळेही भरले. "भिंत तर पडलीच," ती म्हणाली. "बांधू नका म्हणून सगुणला मी कालच सांगितलंय."

तेवढ्यात कमलाक्षीकाकी आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चहाचा थाळा. थाळ्यात चार कप होते. क्षमानं पुढे होऊन थाळा घेतला आणि म्हणाली, काकी, आम्ही दोघंच आहोत.

काकीनं काठी खाली टेकली, डोळ्यांवर हाताची सावली केली आणि विहिरीच्या उजव्या काठाकडे पाहिलं. तिथं ऊन होतं, ओल्या दगडावर शेवाळ होतं, दुसरं काही नव्हतं.

"माका कमी दिसता, पण किती माणसां उभी आसत ता कळता," ती म्हणाली. "ती दोघां बघ, कशी एकमेकांक लागून उभी आसत. तुमीच कित्याक इतकी लांब?"

कुणीच मान वळवून पाहिलं नाही. अविनाशचा चेहरा पांढरा पडला होता. क्षमानं थाळा काठावर ठेवला आणि ती विहिरीला वळसा घालून त्याच्याकडे निघाली. उजव्या बाजूनं जाताना तिनं पदर सावरून घेतला, जरा अंग चोरलं, तिथं कुणाला धक्का लागू नये म्हणून. मग ती अविनाशपाशी पोचली आणि त्याला खेटून उभी राहिली.